आत्याबाईंचं शून्य रुपयांचं तिकीट

गेल्या आठवड्याच्या स्तंभावर आलेल्या पत्रांत एकच शब्द फिरून फिरून येतो : फुकट. कर्नाटकातल्या बसमध्ये बायका फुकट फिरतात, तिकीट काढणाऱ्या पुरुषाला उभं राहावं लागतं, सरकार बुडतंय. या सगळ्यांनी एका सोमवारी पहाटे भालकीच्या बसस्टँडवर यावं आणि कलबुर्गीच्या गाडीत कोण चढतं ते पाहावं.

या सोमवारी साठीची एक बाई चढली. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि नातवाचं कानटोपडं. तिनं प्लॅस्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड पुढं केलं, कंडक्टरनं नजर टाकली, यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट निघालं. मुलगा कलबुर्गीत डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो, सून खासगी दवाखान्यात नर्स आहे, भाड्याच्या दोन खोल्या आहेत, पोर दीड वर्षाचं. आई सोमवारी जाते, शनिवारी परतते; गावी म्हातारा आणि म्हैस वाट बघत असतात. बायकांच्या मोफत बसप्रवासाची ही ‘शक्ती’ योजना 11 जून 2023 ला सुरू झाली. ती नसती तर हे दर आठवड्याचं जाणं-येणं या घराला झेपलं नसतं. सून घरीच राहिली असती.

ही आई सुनेची आत्याही लागते. आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत जुनी. कन्नडमध्ये सासूला आणि आत्याला ‘अत्ते’ हा एकच शब्द आहे. 2023 च्या उन्हाळ्यात कर्नाटकाच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिन्याचे 2000 रुपये अत्तेला की सोसेला, सासूला की सुनेला, यावर राज्यभर वाद झाला. शेवटी पैसे रेशनकार्डावरच्या यजमानीच्या, म्हणजे कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात जायचे ठरले. बहुतेक घरांत ती सासूच.

याच बाईची लेक महाराष्ट्रात, उदगीरला दिली आहे. लेक आणि सून जवळपास एका वयाच्या, दोघीही नोकरीला. उदगीरची लेक महाराष्ट्राच्या ‘लाडकी बहीण’ योजनेत बसते. वय 21 ते 65 मध्ये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणून महिन्याचे 1500 तिच्या स्वतःच्या खात्यात. जन्म कर्नाटकातला असला तरी अडलं नाही, कारण परराज्यातून आलेल्या सुनेसाठी नवऱ्याचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. सीमाभागाच्या सोयरिकी ज्याला कळतात अशा कुणीतरी ते कलम घातलं असावं. एसटीत मात्र तिला अर्धं तिकीट, 17 मार्च 2023 पासून, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कलबुर्गीच्या सुनेला बस पूर्ण मोफत, पण तिच्या नावावर एक रुपया जमा होत नाही. पैसे गावच्या कार्डावर येतात, तेही कधी महिनोन्‌महिने रखडून.

वेगळं रेशनकार्ड काढ, असं तिला दवाखान्यातल्या मैत्रिणी सांगतात. सांगणं सोपं आहे. आपल्याकडं कार्ड फोडणं म्हणजे चूल फोडणं. गावात दुसऱ्या दिवशी चर्चा होते की पोरं वेगळी निघाली. शिवाय पोर ज्या बाईच्या जिवावर सांभाळलं जातं, तिच्यापासूनच वेगळं निघायचं कसं? हिशेब मांडून बघा : सुनेचे कामावर जायचे-यायचे रोजचे बसचे ऐंशी रुपये वाचले असं धरलं, तर पंचवीस दिवसांचे 2000 होतात. सुनेला बसमध्ये आणि सासूला बँकेत मिळून या घरात जे येतं, ते उदगीरच्या लेकीच्या घरापेक्षा जास्त आहे. पण लेक स्वतःच्या सहीनं पैसे काढते. सुनेला मागावे लागतात. आत्या देते, न मागताही देते, तरी मागणं ते मागणंच. या एका बाबतीत महाराष्ट्रानं बरोबर केलं आहे आणि कर्नाटकानं चुकीचं, हे इथं स्पष्ट लिहायला हवं.

आणि पाळणाघर? हा स्तंभ हे विचारायचं सोडणार नाही. कर्नाटकानं 2023 च्या अर्थसंकल्पात ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचं घर, अशी योजना आणली. 4000 ग्रामपंचायतींत, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांसाठी. चांगलंच केलं. पण भाड्याच्या दोन खोल्यांतली नर्स ग्रामपंचायतीत राहत नाही. अंगणवाडीचा शाळापूर्व वर्ग तिसऱ्या वर्षापासून. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. पंधरा-वीस जणांच्या दवाखान्याला ते लागूच नाही. दीड वर्षाच्या पोरासाठी या सगळ्यात कुठंही जागा नाही. म्हणून ती जागा भालकीहून बसनं येते.

हुमनाबादला गाडी थांबली तेव्हा बाईनं ते तिकीट घडी करून बटव्यात ठेवलं. आधीची चार-पाच तिकिटं त्यात होती. टाकत का नाही, असं शेजारणीनं विचारलं. ती म्हणाली, सुनेला दाखवते, आत्या किती वेळा आली ते.