शोधाची किंमत

‘सत्याचा शोध’ हे शब्द आपण व्याख्यानात ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन जेवतो. धर्मानंद कोसंबींनी मात्र ते शब्द खरे मानले. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण १८९९ साली बुद्धाचा धर्म जाणून घ्यायला घराबाहेर पडला. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, १९०२ मध्ये सिलोनला जाऊन पाली. पुढे हार्वर्डने त्याला बोलावले. ही तळमळ मला थोरच वाटते. पण त्यांचे ‘निवेदन’ वाचताना माझे मन अडते ते मागे राहिलेल्या बाळाबाईंपाशी. पदरात तान्ही मुलगी. त्यांना कोणी विचारले होते? कोसंबी परतले, पुन्हा संसारही केला, हे खरे. तरी त्या वर्षांचे ‘निवेदन’ बाळाबाईंनी लिहिले असते, तर मी ते आधी उघडले असते.