मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता

आमची पंचवटी ही मुळात एका मुक्कामाची जागा. वाल्मीकींच्या अरण्यकांडात राम लक्ष्मणाला आश्रमासाठी जागा शोधायला सांगतो, तेव्हा त्याच्या अपेक्षा मोजक्याच आहेत. पाणी जवळ असावे, आणि जिथे सीतेचे मन रमेल, तुझे आणि माझेही रमेल, अशी जागा पाहा. त्यात सीतेचे नाव पहिले येते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्या पर्णकुटीवर काय ओढवले ते सर्वांना ठाऊक आहे. पण जागेची निवड चुकली होती असे कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही.

हे आठवायचे कारण आमच्या गल्लीत उभ्या राहू लागलेल्या उंचच उंच गाड्या. जीप हा प्रकार नाशिककरांना नवा नाही. सातपूरच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडताना पाहतच इथली एक पिढी म्हातारी झाली. २०१० साली आलेली ‘थार’ ही जुन्या जीपचीच धाकटी बहीण होती. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि समोरासमोर दोन आडवे बाक. २ ऑक्टोबर २०२०ला तिचा नवा अवतार आला आणि ही गाडी शेतावरून थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये आली. आता तीच गाडी सोमवार ते शनिवार कचेरीला जाते, मुलांना शाळेत सोडते, बुधवारी गंगेवरच्या बाजारातून भाजी आणते, आणि रविवारी तिने वैतरणेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठी तंबूही वाहून न्यावा अशी अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. तक्रार आहे ती त्या अपेक्षेपायी जे खर्च केले जातात त्यांच्या क्रमाबद्दल.

गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय होते पाहा. जाड खाचांचे चिखलाचे टायर येतात. गाडी दोन इंच उचलली जाते. टपावर दिव्यांची पट्टी, पुढे लोखंडी कठडा, वर जाळीचे कॅरिअर. लाखभर रुपये कुठे गेले ते कळतही नाही. मग सहकुटुंब जायचा बेत ठरतो आणि घरातली आजी अंगणात येऊन गाडीकडे पाहते. तीन दरवाजांच्या या गाडीत मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून, वाकत, अंग चोरत आत शिरावे लागते. जमिनीपासून तिची मूळ उंचीच २२६ मिलिमीटर. त्यात हौसेची आणखी भर पडलेली. गुडघे दुखणाऱ्या बाईने त्यात चढायचे कसे? ती चढत नाही. ती म्हणते, “तुम्ही जा रे पोरांनो, मी घर राखते.” पोरांना वाटते, आईला अशा सहलींची आवडच नाही.

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे, की ते आवडीनिवडीचे नसून पायरीचे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. दोन्ही बाजूंना भक्कम पायरी आणि आत धरायला मूठ, एवढ्याने तिचा निर्णय बदलू शकतो. दिव्यांच्या पट्टीने नाही. ज्यांनी अजून गाडी घेतलेली नाही त्यांना तर मी सांगेन, की ऑगस्ट २०२४मध्ये याच गाडीची पाच दरवाजांची आवृत्ती आली आहे. घरात वडीलधारी माणसे असतील तर ते दोन जादा दरवाजे हीच सर्वांत मोठी सुधारणा, आणि ती कारखान्यातूनच करून मिळते.

बँकेत असताना पेठ-सुरगाण्याच्या बाजूला वसुलीला जीपमधून जावे लागे. साहेब पुढे, आम्ही मागे आडव्या बाकावर. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरतो. मागच्याला तो थेट मणक्यातूनच कळतो. म्हणून गाडी आरामदायी आहे की नाही, याचा निकाल चालवणाऱ्याने देऊच नये. तो हक्क मागच्या सीटचा. आणि मागच्या सीटला हवे असते ते फार महाग नसते. चांगल्या फोमची बैठक, पाठीला आधार, उन्हाच्या बाजूला पडदा, पाण्याची बाटली ठेवायला जागा.

टायरचेही तेच. चिखलाचे टायर चिखलात उत्तम. पण आपली गाडी वर्षातले तीनशे दिवस मुंबई नाक्यावर चालते. तिथे ते घरघरतात, ओल्या डांबरावर तितकेसे धरत नाहीत, डिझेलही जास्त खातात. दोन्हीकडे चालणारे, मध्यम खाचांचे टायर कंपनीने मान्य केलेल्या मापात घेतले की कुटुंबाचे काम भागते. त्याहून मोठा फरक हवेच्या दाबाने पडतो. कच्च्या वाटेवर थोडी हवा कमी केली की टायर दगडावर पसरतो, पकड वाढते आणि आतले धक्के निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटतात. मात्र डांबरावर येताच ती पुन्हा भरायला हवी. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप आणि दाब मोजायचे यंत्र लागते, आणि ती दोन्ही मिळून पायरीपेक्षा स्वस्त पडतात.

सामानाविषयी थोडे कडक बोलायला हवे. मागे मोकळा ठेवलेला कुकर, गॅसची शेगडी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन ही सारी अचानक ब्रेक लागला की बसलेल्यांच्या मानेवर येणारी शस्त्रे आहेत. सुताराकडून प्लायचा कप्प्यांचा खोका करून घ्यावा, तो पट्ट्यांनी आवळावा, आणि सोमवारी काढून माळ्यावर टाकता येईल असा ठेवावा. रोजच्या गाडीत काढता न येणारी गोष्ट बसवणे म्हणजे पाहुण्यांसाठीच्या गाद्या वर्षभर दिवाणखान्यात पसरून ठेवणे. जड सामान खाली ठेवावे, टपावर हलके तेवढेच. उंच गाडीच्या डोक्यावर ओझे चढले की वळणावर ती कलंडायला बघते. कसारा घाटात याचा प्रयोग करू नये.

आता ज्याबद्दल पुरुषमंडळी कधी बोलत नाहीत ते. तळ्याकाठी रात्र काढायची तर बायकांनी जायचे कुठे? चार उघडे डोंगर आणि एक टॉर्च ही व्यवस्था नव्हे. उभा राहणारा लहान आडोशाचा तंबू आणि घडीची बैठक मिळते. दोन्ही मिळून एका पिशवीत मावतात. ज्या घराने ती घेतली त्या घरातल्या बायका दुसऱ्यांदा आल्या. ज्यांनी घेतली नाही त्यांच्याकडे पुढच्या वेळी फक्त मित्र गेले.

कायद्याचेही पाहायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढच्या लोखंडी कठड्यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितले होते. कठड्यामुळे समोरून आपटल्याचा धक्का वेगळ्याच मार्गाने जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही. जे रक्षणासाठी म्हणून बसवले तेच आड येते. शिवाय न कळवता केलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवू शकते. कर्जावरच्या गाडीचा दावा अडला म्हणजे काय होते, ते बँकेच्या टेबलामागे बसून मी पुरेसे पाहिले आहे. गाडी भंगारात आणि हप्ते चालू.

राहिली दिव्यांची पट्टी. मे सरता सरता भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीच्या बाजूला काजवे निघतात. झाडच्या झाड एका लयीत उजळते, विझते. तो उजेड म्हणजे त्यांची आपसातली बोलणी. नर खुणावतो, मादी उत्तर देते आणि त्यातून पुढची पिढी होते. या थोड्याच दिवसांत शेकडो गाड्या तिथे पोचतात, आणि टपावरच्या प्रखर दिव्यात ती बोलणी बुडून जातात. शहरातला उजेड चुकवायला पन्नास-साठ मैल जायचे आणि तो टपावर बांधून न्यायचा, याला काय म्हणावे! तिथे गाडी गावाबाहेर उभी करून चालत जावे. आजीसाठी घडीची खुर्ची न्यावी.

आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने गाडीवर काहीही न करता आधी एक रात्र गंगापूर धरणाच्या बाजूला काढली. परत येताना मुलाने मागच्यांना विचारले, काय काय हवे? सुनेने फुलस्केप कागदावर यादी केली. पहिली पायरी, दुसरा आडोशाचा तंबू, तिसरा उन्हाचा पडदा, चौथी सामानाची पेटी. आजीने पाचवे सांगितले, चहाची किटली. स्टीलची, प्लास्टिकची नको. मुलाने घातलेली दिव्यांची पट्टी एकविसावी आहे. यादी सध्या नवव्या क्रमांकापर्यंत आली आहे.