मागे वळलेली पिशवी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी शस्त्रक्रिया व्हायची होती. तारीख ठरली होती, रजेचा अर्ज लिहून झाला होता, आणि चकल्यासुद्धा बाहेर सांगितल्या होत्या. पुण्यातल्या आमच्या घरी चकल्या विकतच्या येणे ही शस्त्रक्रियेहून मोठी घटना, हे वाचक भगिनींना सांगायला नको.

निमित्त कंबरदुखीचे. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून मराठी शिकवल्यावर कंबर दुखली तर नवल ते काय? पण सोनोग्राफीच्या कागदावर 'रिट्रोव्हर्टेड युटेरस' असे शब्द उमटले. "पिशवी उलटी आहे," डॉक्टर म्हणाले, "टाके घालून पुढे ओढून घेऊ. नाहीतर या वयात काढून टाकली तरी काय बिघडले?" यजमान म्हणाले, "सुट्टीत उरकून टाक." मीही मान डोलावली. मुलांच्या निबंधातला एक चुकीचा शब्द जिला खपत नाही, तिने 'उलटी' हा शब्द निमूटपणे गिळला!

याला कारण होते. या शब्दाची धास्ती आमच्या घरात जुनी. माझी मावशी शनिवार पेठेतल्या वाड्यात नांदत होती. लग्नाला सात वर्षे होऊन मूल नाही म्हणून तिला तपासले, पिशवी उलटी निघाली, आणि १९७१ साली पोट उघडून ती बांधून घेतली. मूल झालेच नाही. मात्र 'हिची पिशवीच उलटी' हे वाक्य वाड्याच्या चौकात कायमचे राहिले. हळदीकुंकवाला मावशी गेली की बायका ते हलक्या आवाजात एकमेकींना पुरवीत.

त्याच मावशीचा फोन आला. "घाई करू नकोस. आणखी एकीला दाखव."

सदाशिव पेठेतल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी नुसते प्रश्न विचारले. पाळीत फार दुखते का? शौचाच्या वेळी? संबंधाच्या वेळी? शृंगाररसावर तास तास बोलणारी मी, शेवटच्या प्रश्नाला टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहू लागले. मग तपासून त्या म्हणाल्या, "सहज हलते आहे. कुठे चिकटलेली नाही. मग तिला बांधायची कशाला?"

पाचांतल्या एखाद्या बाईची पिशवी अशी मागे कललेली असते, जशी एखादी बाई डावखुरी असते. नुसत्या कलण्याने मूल व्हायचे थांबत नाही. दिवस गेले की तीनचार महिन्यांत ती बहुधा आपोआप वर उचलली जाते. पिशवीच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजल्या, किंवा जुन्या संसर्गाने ती मागे चिकटून बसली, तर गोष्ट निराळी. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणा की आणखी काही, इलाज त्या आजाराचा करायचा, कलण्याचा नव्हे.

लॅटिनमध्ये 'रेट्रो' म्हणजे मागे आणि 'व्हर्टेरे' म्हणजे वळणे. उलटे-पालटे काही नाहीच! आम्ही वर्गात मागे वळून पाहण्याला सिंहावलोकन म्हणतो, आणि त्यावर गुणही देतो.

पण वैद्यकानेही या वळणाचा फार धसका घेतला होता. फिलाडेल्फियाच्या हॉज यांनी १८६० च्या सुमारास ती पुढे धरून ठेवायला वाकडी रिंग काढली; लिव्हरपूलच्या अलेक्झांडर यांनी १८८१ मध्ये अस्थिबंध आखडून घेण्याची शस्त्रक्रिया केली; १९०० मध्ये अमेरिकेत गिलियम यांनी आणखी एक रीत सांगितली. कंबर दुखो, डोके दुखो, मूल न होवो, कित्येकदा दोष पिशवीच्या माथी. मावशी त्या लाटेच्या शेपटात सापडली.

डॉक्टरीणबाईंनी तीच हॉजची रिंग माझ्यासाठी काढली, पण परीक्षक म्हणून. "सहा आठवडे पिशवी पुढे धरून ठेवू. कंबर थांबली तर पुढचा विचार करू. नाही थांबली तर पिशवी निर्दोष." आधी पुरावा आणि मग निकाल, ही पद्धत मला एकदम पटली. सहा आठवडे गेले. कंबर जशीच्या तशी! रिंग निघाली, पाठीचे व्यायाम सुरू झाले. दुखणे आता निम्म्यावर आहे. पुरते गेले असे म्हणणार नाही.

'काढून टाकू' हे शब्द मात्र अजून कानात आहेत. मला ते सुखवस्तू खोलीत, पंख्याखाली ऐकवले गेले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांना तेवढाही निवांतपणा नव्हता. कुणाला कर्करोगाची भीती घातली, कुणाला बुडणाऱ्या मजुरीची. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांना 'आणखी एकीला दाखव' म्हणणारी मावशी कुठली?

शस्त्रक्रिया रद्द केल्याचे सांगायला मावशीकडे गेले. चकल्या नेल्या होत्या, घरच्या. मी सगळे समजावून सांगत होते आणि ती ऐकत होती. ऐंशी उलटली, पण कान अजून तल्लख. मग चकलीचा तुकडा बशीत ठेवून म्हणाली,

"म्हणजे माझीही नुसती मागे वळलेलीच होती का गं?"

"बहुतेक, मावशी."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"आणि तुझ्या काकांना मात्र कुणी एकदाही तपासले नाही," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.