हॅम लोफची निंदा

अमेरिकेला पाकशास्त्र नाहीं, डबे फोडण्याचें शास्त्र तेवढें आहे, असें एक वाक्य आमच्या शिष्ट मंडळींत फार दिवसांपासून चलनांत आहे. तिकडे स्थायिक झालेलीं आमचीं माणसें सुटींत घरीं आलीं म्हणजे तेंच ऐकवितात, आणि ज्यांनीं मुंबईबाहेर पाऊल टाकलेलें नाहीं असे लोकही त्यावर मान डोलवितात. पुराव्यादाखल हॅम लोफला पुढें ओढण्यांत येतें. उरलेलें मांस, त्यांत पावाचा चुरा, वर साखर. याला का पदार्थ म्हणावयाचें? हा आक्षेप आम्हांस केवळ अज्ञानमूलक वाटतो.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. डुकराची मागची मांडी मिठांत मुरवून धुरावर धरली म्हणजे तिला हॅम म्हणतात. १६८३ पासून पेनसिल्व्हेनियांत जर्मन कुळें येऊन वसूं लागलीं. थंडीच्या तोंडावर डुकर मारून वर्षाची बेगमी करण्याची रीत त्यांनीं आपल्याबरोबर नेली. एवढी थोरली मांडी ईस्टरच्या एका जेवणांत संपत नाहीं. हाडालगतचे तुकडे राहतात, आणि त्यांचें काय करावें हा खरा प्रश्न असतो. खिमा करून वडी थापावी म्हटलें तर ती साधत नाहीं. कारण एकदां शिजलेल्या हॅममध्यें चिकटपणा उरत नाहीं. सुरी लागतांच सारें विसकटतें, आणि खारट होतें तें निराळेंच. म्हणून त्यांत तितकाच कच्च्या पोर्कचा खिमा मिसळतात. कच्च्या मांसांतील प्रथिनें शिजतांना गोठतात आणि सगळा गोळा धरून ठेवतात. एक पौंड हॅम, एक पौंड पोर्क, दोन अंडीं, पेलाभर दूध, आणि पेलाभर पावाचा चुरा किंवा खाऱ्या बिस्किटांचा भुगा, असें साधारण प्रमाण आहे. चुऱ्याला भेसळ म्हणणाऱ्यांनीं तो वगळून पाहावा. रस पातेल्यांत आणि लोफ कोरडा, असा न्याय त्यांस मिळेल. वरून मीठ मुळींच घालावयाचें नाहीं. तें हॅमनें आधींच आणलेलें असतें, आणि किती आणलें आहे हें एक तुकडा चाखल्यावांचून कळत नाहीं. हॅम फार खारें निघालें तर पोर्क वाढवावें लागतें. मग ३५० अंश फॅरनहाइटच्या भट्टींत सव्वा ते दीड तास. आंतलें उष्णमान १६० अंशांवर गेलें कीं काम झालें.

यांत डबा कोठें आला? आमच्या घरीं उरलेल्या पोळीला फोडणी दिली म्हणजे ती सुगरणीची कल्पकता, आणि त्यांच्या घरीं उरलेल्या हॅमचा लोफ झाला म्हणजे तें दारिद्र्य, हा कोणता न्याय? गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मीठ, मिरची आणि व्हिनेगर लावून टिकविलेल्या पोर्कच्या सॉसेजांवर आमचेच रसिक स्तुतिसुमनें उधळतात. युक्ति तीच आहे. फक्त ती आपल्या किनाऱ्यावर घडलेली आहे.

साखरेच्या नांवानें तर विशेष नाक मुरडलें जातें. तांबडी साखर, व्हिनेगर आणि मोहरीची पूड एकत्र करून लोफवर ओततात, हें ऐकून हंसणारे गृहस्थ त्याच दिवशीं चिंचगुळाची आमटी ओरपीत असतात! खाऱ्या मांसाला आंबटगोडाची जोड लागते, हें कोणाही जिभेला समजावें. आयोवांत या मिश्रणाचे गोळे करून त्यांवर डब्यांतील टोमॅटो-सूप ओततात. तें आम्हांस रुचत नाहीं, आणि तेवढ्यापुरता विजय आम्ही टीकाकारांस खुशाल देतों.

त्यांच्या घोटाळ्याचें मूळ निराळेंच आहे. हॉर्मेल कंपनीनें १९२६ सालीं डब्यांतलें हॅम विकावयास काढलें आणि १९३७ सालीं स्पॅम. स्पॅमही डुकराच्या मांसाचें, त्यांतही हॅम, आणि आकार वडीसारखा. एवढ्यावरून घरचा लोफ आणि कारखान्यांतला ठोकळा हे दोघे सख्खे भाऊ ठरविण्यांत आले. ज्यानें केवळ दुकानाची फळी पाहिली, त्याला चूल दिसली नाहीं यांत नवल नाहीं. पण मग त्यानें चुलीविषयीं निकाल देऊं नये.

बोलण्यासारखें एक न्यून खरोखर आहे. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो येथें खाटीक हॅम व पोर्क यांचें तयार मिश्रण विकतात, आणि पुष्कळ घरांत तेंच भट्टींत जातें. वेळ वांचतो, त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. परंतु मिठाचा निर्णय त्यायोगें खाटकाच्या हातीं जातो, आणि या पदार्थांतलें बहुतेक शहाणपण त्याच निर्णयांत होतें. टीकाकारांस ओरड करावयाचीच होती, तर ती येथें करतां आली असती. ती त्यांनीं केली नाहीं. कारण तिच्यासाठीं लोफ कसा होतो हें आधीं माहीत असावें लागतें.