जमालचा हमाल होऊ नये म्हणून

निकाहची पत्रिका आता घरातच मांडली जाते. लोहारा तालुक्यातले, तेरणा धरणाचे आमचे माकणी गाव त्याला अपवाद नाही. मुले-मुली लॅपटॉपवर पत्रिका तयार करतात आणि फाइल छापखान्यात पाठवतात. चार पैसे वाचतात, मुलांचा हातही तयार होतो. पत्रिकेत वर बिस्मिल्लाह, मध्ये उर्दूत नवरा-नवरीची नावे आणि खाली हॉलचा रस्ता दाखवणारा क्यूआर कोड असतो. हे तिन्ही बहुधा चित्र म्हणून चिकटवलेले असतात आणि छापून येतात तेव्हा त्यांच्या कडा पुसट झालेल्या दिसतात.

उर्दू लिपीत ही केवळ दिसण्याची बाब नाही. 'जमाल' लिहिताना जीमला एक नुक्ता असतो. तो उडाला की जीमचा 'हे' होतो आणि 'जमाल'चा 'हमाल'. हमालाचे कष्टही इज्जतीचेच. पण नवरदेवाचे नाव मात्र त्याचेच राहिले पाहिजे.

कडा पुसट का होतात? मोबाइलवरून आलेले चित्र म्हणजे रंगीत चौकटींची जाळी, जिला बिटमॅप म्हणतात. इंकस्केप किंवा कोरलड्रॉ रेषांच्या हिशेबाने काम करतात, म्हणून त्यांत काढलेली आकृती कितीही मोठी केली तरी स्वच्छ राहते. जाळी मात्र ताणली की चौकटी मोठ्या होतात. त्या डोळ्यांना खुपू नयेत म्हणून सॉफ्टवेअर काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडी छटा भरते. फोटोला हे शोभते, अक्षराला नाही. त्यात स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई एकतर लागते किंवा लागत नाही. राखाडी कड तिथे खरबरीत होते.

उपाय चित्र पाहून करावा. क्यूआर कोड, कशिद्याचा नकाशा अशी चौकटींचीच चित्रे असतील तर सॉफ्टवेअरला 'मध्ये काही भरू नकोस' असे सांगावे. इंकस्केपमध्ये चित्र निवडून 'ऑब्जेक्ट प्रॉपर्टीज' उघडा आणि 'इमेज रेंडरिंग'मध्ये 'पिक्सेलेटेड' किंवा 'क्रिस्प एजेस' निवडा. कोरलड्रॉमध्ये बिटमॅप करताना 'अँटी-एलियासिंग'ची खूण काढा. चित्र दुप्पट, तिप्पट असे पूर्ण पटीतच वाढवा. दीडपट केले की चौकटी लहान-मोठ्या होतात. क्यूआर कोडच्या चारी बाजूंना त्याच्याच चार चौकटींइतकी कोरी जागा ठेवा. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने 1994 मध्ये हा कोड आणला तो कारखान्यातल्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. मोबाइलला तो वाचता यावा म्हणून ही मोकळी जागा आजही लागतेच.

अक्षरांना हा उपाय चालत नाही. जीमच्या गोलाईवर जिन्याच्या पायऱ्या दिसू लागतात. नाव उर्दू फाँटमध्ये टाइप करणे सर्वांत बरे. हाताने लिहिलेला खत हवाच असेल तर तो मोठा लिहून घ्या आणि स्कॅन करा. छपाईला इंचाला 300 ठिपके धरतात. म्हणजे 4 इंच रुंद बिस्मिल्लाहला 1200 ठिपक्यांचे चित्र हवे. 400 ठिपक्यांचे चित्र तेवढेच ताणले तर इंचाला 100 उरतात. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो. फाइल पीएनजी असावी, कारण जेपीजीमध्ये अक्षरांभोवती धूळ उठते.

इंकस्केपच्या 'ट्रेस बिटमॅप'ने अक्षराची बाह्यरेषा काढता येते. तिथे 'स्पेकल्स' नावाची सोय असते. लहान डाग कचरा समजून ती काढून टाकते. चित्र लहान असेल तर तिच्या लेखी नुक्ताही कचराच! म्हणून नुक्ते मोजा. एखादा गेला असेल तर ही सोय बंद करून पुन्हा ट्रेस करा.

आमची खरी काळजी इथेच आहे. पत्रिका मांडणारी आपली अनेक मुले मराठी माध्यमात शिकलेली. त्यांचे मराठी उत्तम आहे, पण उर्दू अक्षर त्यांना चित्रासारखे दिसते. चित्रातला एक ठिपका गेला तर त्यांनाही कळत नाही आणि सॉफ्टवेअरलाही नाही. सॉफ्टवेअर कडा स्वच्छ ठेवील; नाव बरोबर आहे की नाही हे वाचणाराच सांगेल. म्हणून छपाईचा हुकूम देण्याआधी एक प्रत खऱ्या आकारात कागदावर काढा. क्यूआर कोड दोन वेगळ्या मोबाइलवर तपासा आणि ती प्रत घरातल्या उर्दू जाणणाऱ्या नानी-दादांच्या हाती द्या. त्या नुक्त्यावर बोट ठेवून वाचतील, तेव्हा लेकरांना जवळ बसवा. पत्रिका तर सुधारेलच, आणि जीम कोणता, हे कोणता, हेही त्यांना घरातच कळेल.