मुकादम नव्हे, पालक हवा

भरतीचा मध्यस्थ ही पाटोदा तालुक्याला नवी गोष्ट नाही. बालाघाटाच्या माथ्यावरील या दुष्काळी मुलखाने त्याला पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. त्याचे नाव मुकादम. पावसाळ्यात उचल द्यायची, दसरा सरला की नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजेच एका ‘कोयत्या’ला, पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील उसाच्या फडावर पोहोचवायचे आणि उचल फिटेपर्यंत बांधून ठेवायचे, ही त्याची रीत. कारखान्याला मजूर मिळतात, मुकादमाला कमिशन मिळते. मजुराच्या पदरात मात्र नवे कौशल्य पडत नाही आणि पुढच्या वर्षीची उचल बहुधा चुकत नाही.

त्याच घरातला मुलगा आज बारावी होतो, आयटीआयचे प्रमाणपत्र मिळवतो. कोयता हाती घ्यायचा नाही, एवढे त्याने ठरवलेले असते. मग तो चाकण, रांजणगाव किंवा वाळूजची वाट धरतो. इकडे तालुक्याच्या बाजारपेठेत मोटार भरून देणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, वेल्डिंगचे दुकान चालवणारा व्यावसायिक ‘कामाचा मुलगा मिळत नाही’ म्हणून हळहळतो. काम शिकू इच्छिणारा आणि शिकवू शकणारा हे दोघे एकाच गावात असूनही त्यांची गाठ पडत नाही. ही गाठ कोणी आणि कोणत्या अटींवर घालून द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

कायदा जुनाच आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली संमत झाला. २०१४ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, शासनाने उचलण्याची तरतूद तीत आली. २०१९ च्या नियमांनी ३० वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले, तर ४ ते २९ माणसांच्या आस्थापनांसाठी ते ऐच्छिक ठेवले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन शासनाच्या तिजोरीतून देऊ केले. हेतू स्तुत्य होता. परंतु खाजगी आस्थापनेत किमान २० कर्मचारी असावेत, अशी अट त्यात होती. पाटोद्यातील कोणत्या गॅरेजमध्ये वीस माणसे काम करतात? पुण्या-मुंबईचे माप तालुक्याच्या अंगाला लावले की अंगरखा ढगळ होणारच.

तथापि, मार्ग बंद नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेच्या द्वारे, शिकाऊ उमेदवारांना आळीपाळीने आपापल्या आस्थापनांत प्रात्यक्षिक शिक्षण द्यावे, अशी तरतूद कायद्यातच आहे. छोट्या गावासाठी हे कलम सोन्याच्या मोलाचे आहे. एक मुलगा चार महिने मोटार भरायला शिकेल, चार महिने पंपाची दुरुस्ती, चार महिने घरगुती वीजजोडणी. एका दुकानदारावर भार पडणार नाही आणि मुलगा कसबी होऊन बाहेर पडेल. उमेदवाराची नोंदणी, करारपत्र, बँक खाते, शासनाच्या हिश्श्याचा पाठपुरावा ही कामे मात्र दुकानदाराला झेपणारी नव्हेत. ती करण्यासाठीच भरती सेवेची गरज आहे.

येथेच सावध राहिले पाहिजे. जी सेवा गरजू मुलाकडूनच नोंदणीच्या नावाखाली पैसे घेते, त्याला कोठेतरी नेऊन सोडते आणि पुन्हा तोंड दाखवत नाही, ती संगणक वापरणारी मुकादमीच होय. तसेच जो मालक ‘शिकाऊ’ म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभर झाडलोट करायला आणि चहा आणायला लावतो, तो स्वस्त मजूर शोधत असतो, शिष्य नव्हे.

आपल्या परंपरेने या नात्याचा विचार फार पूर्वी केला आहे. नारदस्मृतीत शिल्प शिकणाऱ्या अंतेवासीविषयी स्पष्ट नियम आहेत. गुरूने त्याला स्वगृही अन्न देऊन शिकवावे, पुत्रवत् वागवावे आणि कलेव्यतिरिक्त अन्य काम करून घेऊ नये. उलट, काम लवकर अवगत झाले तरी शिष्याने ठरलेली मुदत पूर्ण करावी, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. ‘मुलगा शिकतो आणि समोरच दुकान टाकतो’ ही आजच्या दुकानदाराची भीती त्या काळीही असणार. त्यावर शोधलेला उपाय दोन्ही बाजूंना बांधणारा होता. कर्तव्य एकट्या नोकराचे नसते, मालकाचेही असते, हा त्याचा गाभा.

जर्मनीतही छोट्या कारागिराच्या दुकानात मुले शिकतात. तेथे कराराची नोंद आणि अखेरची परीक्षा ही जबाबदारी व्यावसायिकांच्याच मंडळांकडे असते. आपल्याकडे एके काळी श्रेणी होत्या. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. व्यवसायबंधूंच्या संघटनेवर समाजाचा केवढा विश्वास होता, याचा तो दगडावरचा पुरावा.

तो विश्वास पुन्हा उभा करणे अशक्य नाही. तालुक्याचा व्यापारी संघ, आयटीआयचे निदेशक आणि सेवाभावी संस्था यांनी मिळून एक यादी करावी : शिकवू शकणारी दुकाने कोणती आणि शिकू इच्छिणारी मुले कोणती. मुलाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, करार लेखी करायचा, विद्यावेतन खात्यातच जमा करायचे आणि महिन्यातून एकदा दुकानात जाऊन ‘काय शिकलास?’ हे विचारायचे. लघु उद्योग भारतीसारखे संघटन १९९४ पासून छोट्या उद्योजकांत काम करते आहे. अशा संघटनांच्या अनुभवाचा लाभ तालुक्यापर्यंत पोहोचला पाहिजे. मुलींचाही समावेश त्यात हवा, कारण फडावर अर्धा कोयता त्यांच्याच आईच्या हातात असतो.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मांडलेल्या एकात्म मानवदर्शनात प्रत्येक हाताला काम हा अर्थव्यवस्थेचा निकष मानला. अंत्योदयाची ती वाट दिल्लीहून पाटोद्याला येण्याची प्रतीक्षा करीत बसण्याचे कारण नाही. ती बाजारपेठेतल्या पहिल्या दुकानापासून सुरू होऊ शकते. मुकादमाने उचल देऊन माणसे बांधली; समाजाने कसब देऊन ती मोकळी करावी.