अजिंठ्याचे ‘इराणी वकील’

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत दरबाराचें एक चित्र आहे. राजा सिंहासनावर बसला असून टोकदार टोप्या घातलेले दाढीवाले परदेशी त्याच्यापुढें नजराणा घेऊन आले आहेत. हा राजा म्हणजे चालुक्य सम्राट् दुसरा पुलकेशी आणि ते पाहुणे म्हणजे इराणच्या दुसऱ्या खुस्रूचे वकील, असें वाटाडे अद्याप सांगतात, व सुशिक्षित आईबापही मुलांना तेंच अभिमानानें सांगतात. ही ओळख आतां टाकून दिली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ती मांडली वास्तुशिल्पाचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनीं, १८७९ सालीं. आधार काय, तर हिंदुस्थानच्या एका राजानें खुस्रूकडे वकील धाडल्याची हकीकत अल्-तबरीच्या अरबी इतिहासांत आहे. म्हणजे वकील गेले येथून तिकडे. चित्रांत मात्र ते तिकडून इकडे आलेले! मधली परतभेट कल्पनेनें भरून काढली. छतावरील मद्यपान करणारा परदेशी तर फर्ग्युसन यांनीं खुद्द खुस्रूच ठरविला, आणि जवळची स्त्री शिरीन. ज्यांचें राज्य दरबार, वकील आणि तहनामे यांवर चाललें, त्यांस भिंतीवरही तेंच दिसावें यांत नवल नाहीं. नवल आमचें आहे. इंग्रजांची सत्ता १९४७ सालीं गेली. त्यांचा हा तर्क मात्र आम्ही जपून ठेवला, कारण त्यांत आमचा पूर्वज मोठा दिसतो.

पुलकेशी गादीवर आला तो इ. स. ६१० च्या सुमारास. वॉल्टर स्पिंक यांच्या मतें हें लेणें वाकाटक राजा हरिषेण याच्या कारकीर्दींतील, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. त्यांची वर्षावर्षाची कालगणना सर्वांस पटलेली नाहीं. तथापि बहुतेक अभ्यासक हें लेणें पुलकेशीच्या पुष्कळ आधींचेंच मानतात.

मग चित्र कशाचें? डीटर श्लिंगलोफ यांनीं तें महासुदर्शनाच्या कथेंतील म्हणून ओळखलें. ही कथा वाचकांनीं अवश्य वाचावी. कुशिनारा येथें बुद्ध अंतिम शय्येवर असतां, अशा आडगांवीं देह ठेवूं नये, असें आनंद विनवतो. बुद्ध सांगतो कीं, हेंच गांव पूर्वीं कुशावती नगरी होतें आणि सप्तरत्नें लाभलेला चक्रवर्ती महासुदर्शन, म्हणजे पूर्वजन्मींचा मीच, तेथें नांदत होतों. त्या राजाच्या मृत्युसमयीं राणी म्हणते, आपलीं चौऱ्यायशीं हजार नगरें आहेत, त्यांच्यासाठीं तरी जगावें. राजा तिला शिकवितो कीं, असें बोलूं नको. यांचा लोभ सोडावा, असें मला सांग. ज्यानें साम्राज्याचा मोह टाकला त्याच्या चित्राला आम्ही साम्राज्याच्या वैभवाचा दाखला करून बसलों आहों!

यांत पुलकेशीची मानहानि होते असें कोणी म्हणेल. त्याच्या कीर्तीस इ. स. ६३४ चा ऐहोळचा शिलालेख पुरेसा आहे; उसनी भिंत कशास हवी? दुसरे कोणी म्हणतील, चित्राचा अर्थ ज्याचा त्याचा. तसें असेल तर फर्ग्युसन यांनाही चुकीचें म्हणण्याची सोय उरत नाहीं. आणि टोपी व दाढी पाहूनच वकील ठरवावयाचे, तर सतराव्या लेण्यांत बुद्धाचा उपदेश ऐकणाऱ्या मंडळींतही असे परदेशी आहेत. त्यांना कोणत्या दरबारानें पाठविलें होतें?